हा वाटा कोणाचा

१९ जुलै १९९९, चंद्रपूर, मुलींचं वसतिगृह

धनराज सरांनी आज ही वही हातात दिली. म्हणाले, "रोज लिहायचं. काय चुकलं ते लिही. काय जमलं ते लिहू नको, ते मले दिसते."

सर आमच्या कॉलेजचे खेळाचे शिक्षक. मूळचे आलापल्लीचे. त्यांचे वडील वनखात्यात सागवानाचे लठ्ठे मोजायचे, आणि सरही आम्हा मुलींकडे तसेच बघतात: लांबी किती, सरळ कुठपर्यंत, वाकडं कुठून. मी गेल्या वर्षी नाव घालायला आले तेव्हा त्यांनी नावाच्या आधी उंची विचारली होती. पाच फूट अकरा. सातबोडीत मला सगळे शिंदीचं झाड म्हणायचे. इथे बास्केटबॉलमध्ये सेंटर म्हणतात. दोन्ही ठिकाणी डोकं दारालाच आपटतं.

तर मी मैना मनसाराम नागापुरे, बी. ए. दुसरं वर्ष, गाव सातबोडी, तालुका चिमूर. पुढच्या मे महिन्यात नागपूरला रेल्वेच्या मुलींच्या टीमची निवड आहे. विदर्भातून दोन जागा. निवड झाली की खेळणं हीच नोकरी: सकाळ-संध्याकाळ सराव, आणि देशभर सामने. सर त्यांच्या वेळी अशाच निवडीला गेले होते आणि तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन परत आले. ते हे कधी सांगत नाहीत, पण सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

मी बॅग घेऊन परत येणार नाही. लिहून ठेवते.

३ ऑगस्ट

काय चुकलं: रिंगखाली सहा वेळा मोकळी होते, सहाही वेळा बॉल दुसरीला दिला. सर ओरडले, "काऊन देल्ला तिले? तू काय पोस्टमन आहे का?"

हात आपोआप तसा जातो.

सेंटरला बहुतेक वेळ बास्केटकडे पाठ करून खेळावं लागतं. डिंपल गोंडपिपरीची, आमच्यात सगळ्यांत जास्त बास्केट तिचे. तिने विचारलं, "मैना, तू मांगं न पाहता पास देते. तुले कसं समजते मी कुठी आहो ते?" मी तिला आमच्या तळ्यावरच्या वाट्यांचं सांगितलं.

आम्ही ढिवर. उन्हाळ्यात तळं आटलं की आमची सव्वीस घरं मिळून मोठं जाळं ओढतात. निघेल त्या मासळीचे सव्वीस ढीग घालतात. मग एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसरा एकेका ढिगावर काठी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने घराचं नाव घ्यायचं. "झिंगूचा." "बुधूचा." मरळ कुणाच्या ढिगात आली, नुसती बोटरी कुणाच्या, यावरून भांडणच होत नाही, कारण नाव घेणाऱ्याला काही दिसत नसतं. सहाव्या वर्षापासून पुढे सात उन्हाळे मी पाठमोरी उभी राहिले. एकही नाव दोनदा येता कामा नये, एकही सुटता कामा नये, आणि आपल्या घराचं नाव सगळ्यांच्या शेवटी. पाठीमागे कोण कुठे उभं आहे, कोण खोकतंय, कुणाचा वाटा राहिला, सगळं कानाने कळायचं.

पहिल्या वर्षी शेवटच्या ढिगाला मी "मैनाचा" म्हणाले होते. अख्खा काठ हसला होता. घर बापाच्या नावाचं असतं. "मनसारामचा म्हण," बाबांनी सांगितलं.

डिंपलने ऐकून घेतलं आणि खो खो हसत म्हणाली, "म्हणूनच तू आमाले मासळी वाटून राह्यली." एवढं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. संध्याकाळपर्यंत सरांच्या कानावरही गेलं होतं.

१३ नोव्हेंबर, सातबोडी

काल गावची मंडई होती. दिवाळीनंतरची ही जत्रा मला वर्षात सगळ्यांत आवडते. या वर्षीची आयुष्यभर लक्षात राहील.

गेल्या महिन्यात आम्ही जिल्ह्याची स्पर्धा जिंकलो तेव्हा पेपरात फोटो आला होता. हाफपँट घातलेली मी, दोन्ही हात वर, तोंड उघडं. तो पेपर आमच्या सव्वीस घरांतल्याच मुखरू काकांनी जपून ठेवला होता, आणि काल दंडारीचा नाच चालू असताना तो या हातातून त्या हातात फिरवला. शेवटी बाबांच्या हातात आला. बाबा मच्छीमार सोसायटीच्या लोकांत बसले होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मला बोलावलं.

"बी. ए. झाल्यावर काय करतं?"

"रेल्वेत खेळतो."

"तुले मास्तरीण व्हायले धाडलं होतं."

"बाबा, एक डाव येऊन पाहा तं खरं मी काय खेळतो ते."

डोकं माझंही त्यांचंच आहे. हे मी चारचौघांत म्हणायला नको होतं. बाबा उठून उभे राहिले. "तळ्याची आन घेऊन सांगतो. मी तुया खेळाकडं पाहणार नाई. एक नजर बी नाई."

ढोलकी थांबली होती. आमच्याकडे तळ्याची आन म्हणजे विषय संपला. मी पाळण्यात असताना बाबांनी तंबाखूवर घेतली होती, आजवर चिमूटभर तोंडात गेली नाही.

मी फुगेवाल्याच्या मागे जाऊन रडले. मग तोंड धुतलं. त्यांना पाहायचं नसेल तर नको. निवड समितीने पाहिलं की पुरे.

६ डिसेंबर, चंद्रपूर

आमच्या मैदानावर आंतरकॉलेज सामने सुरू झाले. पहिला जिंकलो. माझे बास्केट दोन. सर बोललेच नाहीत, म्हणजे रागावले आहेत.

मैदानाचा चौकीदार पोचू भाऊ सिरोंच्याचा आहे. सामना संपल्यावर हसत हसत आला. "मैनाबाई, आज तारेजवळ एक पिच्चोडू आला होता."

"म्हणजे?"

"पागल, पागल. पांढरी टोपी. सगळे लोक इकडे तोंड करून, तो रोडकडे तोंड करून. पूरा मॅच उभा राह्यला. एक बार बी इकडे पाह्यलं नाई. मी म्हटलं, बाबा, मॅच इकडे आहे. म्हणते कसा, मले मालूम आहे."

आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. चंद्रपुरात काय काय नमुने असतात.

१५ डिसेंबर

मायचं पत्र, माझ्या धाकट्या भावाच्या, पिंटूच्या अक्षरात. मी घरच्या पत्रात सामन्यांच्या तारखा लिहिते. माय लिहिते, पत्र वाचायला घेतलं की बाबा उठून अंगणात जातात, पण दारापाशीच थांबतात. पुढे लिहिलंय, "बाबा सहा तारखेला जाळ्याचं सूत आणाले चंद्रपूरले आले होते. तुले भेटले का?"

नाही भेटले. चंद्रपुरात येऊन मुलीच्या वसतिगृहापर्यंत दहा मिनिटं चालत येववत नाही माणसाला! मला इतका राग आला की संध्याकाळी सरावात रिंगवर शंभर बॉल मारले. एकाहत्तर गेले. आता रोज शंभर.

२३ जानेवारी २०००

विद्यापीठाची फायनल. आमचंच मैदान. एका पॉइंटने हरलो.

सरळ लिहिते. शेवटचे आठ सेकंद. बॉल माझ्याकडे. मी रिंगखाली, समोर कुणी नाही. मी बॉल सीताला दिला. सीता आमच्यात सगळ्यांत कच्ची, लांब कोपऱ्यात उभी होती. तिने मारला, बोर्डालाही लागला नाही.

सर ओरडले नाहीत. ते बाकावर बसले आणि अगदी हळू विचारलं, "सीताले काऊन?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तिले बऱ्याच वेळचा मिळाला नव्हता."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. मग म्हणाले, "पोट्टे, हे तळं नव्हे. नागपूरले असं केलं तं दुसऱ्या दिवशी गाडीत बसवतीन. मले बसवलं होतं." त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं. ऐकून मला हरण्याहूनही वाईट वाटलं.

सीता रडते आहे, सगळ्या तिला समजावताहेत. चूक माझी आहे. मी हावरी नाही याचा मला आजवर अभिमान होता. आता कळत नाही तो कुठे ठेवू.

पोचू भाऊ म्हणाला, तो टोपीवाला आजही आला होता. हरल्याची शिट्टी वाजली तरी बराच वेळ पाठमोराच उभा होता. आज मला हसू आलं नाही.

२४ जानेवारी

शंभर नाही, दोनशे.

९ मार्च

दोनशेपैकी एकशे सदुसष्ट. पण सर म्हणतात त्यात खोट आहे: एकटी असताना मारते, चार जणी आल्या की पुन्हा वाटायला लागते. खरं आहे. काल सरांनी नियम केला, मी पास द्यायचाच नाही. खेळच येईना. दोन्ही हात बांधल्यासारखे झाले. टीममधली मंगली म्हणाली, "तू मैनासारखी दिसूनच नाई राह्यली." मग सरांनी नियम मागे घेतला.

निवडीला अडीच महिने.

४ मे, सातबोडी

परीक्षा संपवून चार दिवसांसाठी घरी आले. पहाटे उठून बांधावरून पळते. म्हशी बाजूला होतात, माणसं होत नाहीत.

घरात आले तर वळचणीला सुताची बंडलं टांगलेली, एक नाही, नऊ. "माय, इतकं सूत?" माय चुलीकडे बघत म्हणाली, "तुया बाबाले इचार. जवा जाते तवा एक बंडल आणते. म्या इचारलं तं म्हणते, चंद्रपूरचं सूत चांगलं." नऊ बंडलांत अख्ख्या तालुक्याची जाळी होतील. म्हातारपण आलं की माणूस असा साठे करायला लागतो बहुतेक.

आज तळं ओढलं. मी दोरीवर होते, बाबांच्या मागे, नेहमीच्या जागेवर. मासळी बरी निघाली. एक कतला तर मांडीएवढा. ढीग पडले. पाठमोरी उभी राहायला या वर्षी मुखरू काकांची नात चंदा होती. पंचवीस नावं तिने खणखणीत घेतली, आणि शेवटी "मुखरूचा."

काका उचलेनात. नव्या जाळ्यावरून त्यांचा सोसायटीवर राग होता. "मले नाई पायजे. ज्याले पायजे त्याले द्या." आणि मोठ्या दानशूरासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

आमचा नियम असा की एकानेही वाटा नाकारला तर वाटणीच मोडली. सगळे ढीग पुन्हा एक करायचे, पुन्हा वाटायचे. शेवटचा वाटा उचलल्याशिवाय पहिल्यानेही घरी जायचं नाही. तसंच झालं. सव्वीस ढीग मोडले, पुन्हा घातले. ऊन चढलं, मासळी नरम पडायला लागली, बायकांनी काकांच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्यांदा चंदाचा आवाज बसला होता. "मुखरूचा." काका पुन्हा हलेनात.

तेव्हा बाबा बोलले. "मुखरू भाऊ, सोडला म्हणून तू मोठा नाई होत. तू उचलत नाई तोवर कोणाची चूल नाई पेटत. सारे तुयासाठी उन्हात उभे आहेत. उचल."

काकांनी उचलला. लोक हसत घरी गेले.

मी आणि बाबा जाळं गुंडाळत होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुया खेळात बी असंच असन."

"कसं?"

"भोंग्यावर साऱ्याईची नावं येतात. डिंपलचा बास्केट, मंगलीचा बास्केट. तुयंच नाव नाई येत."

मी जाळं तसंच धरून उभी राहिले. बास्केट झाला की माइकवर नाव पुकारतात, हे यांना कुणी सांगितलं? पिंटूने म्हणावं तर पिंटूने सामना पाहिलेला नाही. विचारलं तर म्हणाले, "लोकं बोलतात," आणि जाळं खांद्यावर टाकून चालू लागले.

५ मे

रात्रभर तेच डोक्यात. मी वाटा घेत नाही हा माझा चांगुलपणा नव्हताच. मी मुखरू काका होते. सीता, डिंपल, सर, सगळे उन्हात उभे होते आणि मी हात मागे बांधून.

मला वाटणं सोडायचं नाही. मला ते येतं, आणि दुसऱ्या कुणाला तसं येत नाही. फक्त मैदानावर नावं चार नाहीत, पाच आहेत. चार झाली की पाचवं माझं, आणि ते उचलायचंच.

२१ मे, नागपूर

सत्तेचाळीस डिग्री. चौसष्ट मुली. सरांनी मला आणि डिंपलला आणलंय; ती दुसऱ्या गटात, बाकी कुणी कुणाला ओळखत नाही. छातीवर नंबर, माझा बावन्न.

पहिल्या दिवशी पळवलं, उड्या मारायला लावल्या. आज सामने. पहिल्याच डावात हात जुन्या सवयीवर गेला. तीनदा दिला. समितीतल्या टोपीवाल्या मॅडम वहीत काही लिहीत नव्हत्या.

पाणी प्यायला थांबले तेव्हा मी माझ्या चार अनोळखी मुलींची नावं विचारली. त्यांना नवल वाटलं. निवडीला आलेली मुलगी दुसरीचं नाव विचारत नाही. पण नावाशिवाय मला मोजता येत नाही.

मग खेळले. पाठ रिंगकडे, कान मागे. एकीला, दुसरीला, तिसरीला, चौथीला. आणि बॉल परत आला तेव्हा वळले आणि मारला. पुन्हा चार, पुन्हा मी. चौथ्या फेरीपासून समोरच्या मुलींना कळेनाच की आता मी देणार की मारणार. अकरा बास्केट. आयुष्यात कधी अकरा झाले नव्हते.

मॅडम जवळ आल्या. "पीछे आँख है क्या तुम्हारी?"

"नहीं मॅडम. कान है."

त्या हसल्या नाहीत. पण वही उघडली.

२२ मे

दोन नावं वाचली. पहिलं अमरावतीच्या मुलीचं. दुसरं माझं.

शेवटी नाव येण्याची मला सवय आहे.

डिंपलचं नव्हतं. ती माझ्या गळ्यात पडून रडली, मग नाक पुसून म्हणाली, "मासळी कमी पडली, अजून काय." तिच्यासारखी मैत्रीण मला रेल्वेत मिळणार नाही. सर झाडाखाली उभे होते. मी ही वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी उघडली नाही. "आता तुयी आहे. लिहीत राह्य," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. दोन्ही काचा, पुन्हा पुन्हा.

२ जुलै, सातबोडी

नेमणुकीचं पत्र आलं. बाबांनी पिंटूकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे मास्तरीण नाई झाली," म्हणाले. मग मायला सांगितलं, आज मरळ कर.

मी जेवताना म्हटलं, "बाबा, आता तं याल पाहाले?"

"आन म्हणजे आन."

मरळ चांगली झाली होती, पण मला गोड लागली नाही. माझं काय, मी खेळणारच आहे. पण एकदा, एकदाच त्यांनी पाहिलं असतं.

१४ जानेवारी २००१, नागपूर

सहा महिने राखीव बाकावर बसून काढले. गाड्यांतून हिंडले, बॅगा वाहिल्या, पाणी दिलं, सराव कुणाहून कमी केला नाही. आज मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळले. घरी तारीख कळवली होती, सवयीने.

भोंग्यावर पहिल्या दहा मिनिटांत माझं नाव तीनदा आलं. मग मला फाउल केला आणि दोन फ्री थ्रो मिळाले. रेषेवर उभी राहिले. श्वास घेतला, मान वर केली, आणि रिंगच्या पलीकडे तारेच्या कुंपणाशी नजर गेली.

सगळे लोक मैदानाकडे तोंड करून. एकच माणूस रस्त्याकडे तोंड करून उभा. पांढरी टोपी. हातातल्या पिशवीतून सुताचं बंडल डोकावत होतं.

ती पाठ मला अनोळखी नव्हती. कित्येक उन्हाळे दोरीवर मी तिच्याच मागे उभी राहिले आहे.

पोचू भाऊचा पिच्चोडू. नऊ बंडलं. सहा डिसेंबर. भोंगा. सगळं एकदम अंगावर आलं, आणि पहिला थ्रो चुकला. डोळ्यांत पाणी असलं की रिंग दोन दिसतात. पंचाने बॉल परत दिला. मी जर्सीच्या टोकाने डोळे पुसले आणि दुसरा मारला. तो गेला. भोंगा म्हणाला, "मैना नागापुरे." पाठ हलली नाही. पण पिशवी या हातातून त्या हातात गेली.

सामना आम्ही जिंकलो. टीम खोलीकडे गेली, मी तारेकडे. ते तसेच उभे होते, आन तोडायची नाही म्हणून. मी आत, ते बाहेर, मधे जाळी. मी जाळीतून बोट घालून त्यांच्या पाठीवर टेकवलं, ढिगावर काठी टेकवतात तसं.

"हा कोणाचा?"

ते दचकले नाहीत. मी येणार हे त्यांना कानाने कळलं असणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मैनाचा," बाबा म्हणाले. "अन् खेळ सरला असन तं सांग. पाठ अवघडली."

मी सांगितलं, सरला. मग ते वळले.